सात नंबरची चार मिनिटं

आमच्या यांना चक्कर आली ती ऑफिसच्या जिन्यात, आणि तीही जेवणाच्या सुट्टीत. कामाच्या वेळेत चक्कर येऊन कंपनीचं नुकसान करणाऱ्यांतले ते नव्हेत. सहा पायऱ्या गडगडत खाली आले, कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलं, आणि शुद्धीवर आल्यावर तोंडातून पहिलं काय निघालं असेल? बायकोचं नाव? आईचं? छे! अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला म्हणाले, "पुलावरून नेऊ नका. या वेळेला तिथे अकरा मिनिटं जातात."

त्याने पुलावरूनच नेलं आणि अकरा मिनिटंच गेली. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं, वर कौतुकाने मान हलवली. यांचं कौतुक करणाऱ्यांची मला कधीच टंचाई भासलेली नाही.

आमचे हे शहराच्या बससेवेच्या वेळापत्रक विभागाचे मुख्य आहेत. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठल्या थांब्यावर किती थांबणार, कुठला ड्रायव्हर कधी जेवणार, सगळं यांच्या टेबलावर ठरतं. लाखभर माणसं संध्याकाळी वेळेवर घरी पोचतात ती यांच्या कृपेने. त्या लाखात हे स्वतः नसतात, एवढंच. सकाळी साडेसातला घर सोडतात आणि परत कधी येतात ते कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. सुट्टीच्या दिवशी "अर्धा तास जाऊन येतो" म्हणतात. आमच्या घरात अर्धा तास हा सकाळी दहाला सुरू होतो आणि दुपारी चारला संपतो. अकरा वर्षांत एक दिवस रजा नाही. त्याबद्दल कंपनीने सर्वोत्तम कर्मचारी म्हणून नऊ वेळा गौरव केला आणि दर वेळी लाकडावर बसवलेली पितळी पाटी दिली. वाईट नाहीत पाट्या. गरम पातेलं ठेवायला बऱ्या पडतात.

डॉक्टरांनी यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि पुन्हा गुंडाळला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कामाचे दहा दिवस पूर्ण रजा. ऑफिसात पाऊल टाकायचं नाही. ऑफिसला फोन करायचा नाही. हा आकडा खाली आला नाही तर पुढच्या वेळी जिना नको, खुर्चीत बसल्या बसल्याच आटोपेल."

"आणि त्यांचा फोन आला तर?" यांनी विचारलं.

"आला तर घ्या. पाच मिनिटांत ठेवा."

हे नुसते हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तासातासाला वाजेल बघ. मी नसलो की तिथे पान हलत नाही."

रजेआधी एक दिवस हवा म्हणून मागून घेतला आणि त्या दिवसात मागे राहणाऱ्यांसाठी सूचना लिहून काढल्या. चौसष्ट पानं. पेन्सिलींना टोक कुठल्या बाजूने काढायचं, हेसुद्धा त्यात होतं. त्या सूचना ज्या बाईच्या हातात पडणार होत्या तिला हे 'पाचवाली' म्हणतात. ती यांच्याच विभागात आहे, यांच्या हाताखाली. घड्याळात पाच वाजले की तिची पर्स खांद्यावर असते, हा तिचा गुन्हा. "ती नोकरी करते, काम नाही करत," हे यांचं तिच्याबद्दलचं मत, आणि ते मी निदान दोनशे वेळा ऐकलेलं आहे.

मी तिला एकदाच भेटले होते, कंपनीच्या एका समारंभात. अर्धा तास ती मला सांगत होती की बारा नंबरची बस शाळेच्या थांब्यावर रोज दोन मिनिटं का उशिरा येते, हे शोधायला ती आठवडाभर त्या बसने कशी फिरली. सांगताना तिचे डोळे चमकत होते. मग तिने मला माझ्या कामाबद्दल विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं. मला बाई फार आवडली. घरी येऊन मी हे बोलले नाही. उगाच रक्तदाब कशाला वाढवा?

माझं काम म्हणजे कवळ्या बनवणं. जुन्या छापखान्यासमोर एक डेंटल लॅब आहे, तिथे मी अठरा वर्षं आहे. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचे करते, मेणात एकेक दात बसवते. एखाद्या बाईला पुन्हा हसताना तिचंच हसू यावं म्हणून समोरचा दात केसभर वाकडा बसवते. तो नेमका बसला की मला तहानभूक आठवत नाही. पण साडेपाचला लॅब बंद होते, आणि बंद झाली की झाली. रात्री माझ्या स्वप्नात कुणाच्या दाढा येत नाहीत. हे माझ्या कामाला 'तुझा छंद' म्हणतात. दमून, चिडून, कपाळाला आठ्या घालून केलं तरच ते काम, असा यांचा हिशेब आहे.

तर रजा सुरू झाली.

पहिल्या दिवशी हे साडेसातला तयार होऊन, बूट घालून दिवाणखान्यात बसले. समोर फोन. नऊ वाजले, दहा वाजले, फोन गप्प. "पहिला दिवस आहे, चौसष्ट पानं वाचत असतील," असं म्हणाले. संध्याकाळी मी परत आले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला होता. न्हाणीघर: सहा ते सहा बारा, सासूबाई. सहा बारा ते सहा वीस, मोकळं, साफसफाईसाठी. सहा वीस ते सहा तीस, मी. माझ्या अंघोळीला दहा मिनिटं आणि न्हाणीघराच्या विश्रांतीला आठ!

दुसऱ्या दिवशी गॅसच्या शेगड्यांना नंबर पडले. तिसऱ्या दिवशी कचरा नेणाऱ्या माणसाला जिन्यात गाठून, तो कालच्यापेक्षा सहा मिनिटं उशिरा का आला, याचा खुलासा मागितला. त्याने काय खुलासा दिला ते मी लिहीत नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरात 'आढावा बैठक' ठेवली. हजर सदस्य तीन: हे, मी आणि सासूबाई. विषय पहिला, सासूबाईंच्या गोळ्या घेण्यातली शिस्त.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या तोंडात माझ्या हातची कवळी आहे आणि ती मी आजवर केलेल्यांत सगळ्यात चांगली आहे, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलाने कागद उघडला तशी त्यांनी शांतपणे कवळी काढली, पाण्याच्या भांड्यात टाकली आणि हाताची घडी घातली. दात नसताना सासूबाई बोलत नाहीत. तो त्यांचा बाणा आहे. बैठक एकाच सदस्याच्या भाषणावर संपली आणि ठराव एकमताने मंजूर झाले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मी नेतच होते. पण पाचव्या दिवशी मी लॅबला निघताना बघितलं, तर हे माझ्या फोनवरून स्वतःच्या फोनला रिंग देत होते. वाजतोय की नाही ते तपासायला. वाजत होता. त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा समोर ठेवला. सरळ, टेबलाच्या कडेला समांतर.

पाच दिवसांत ऑफिसातून एकही फोन आला नव्हता. बसेस धावत होत्या. आमच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो, हे तिथे उभे राहून बघत. एक बस गेली की घड्याळ बघत. ती वेळेवर असली की यांचा चेहरा पडे. एकदा एक बस चार मिनिटं उशिरा आली तेव्हा माणूस असा खुलला, की मला वाटलं लॉटरी लागली.

शनिवार-रविवारी तर यांनी तक्तेही केले नाहीत. जेवताना घास हातात धरून बसत. रविवारी दुपारी एकदम म्हणाले, "अगं, मी नसलो तरी चालतं की गं तिथे." आवाज इतका लहान होता, की मला आधी तो सासूबाईंचा वाटला. अकरा वर्षं याच वाक्याची वाट बघत होते मी! वाटलं होतं, हे ऐकलं की पेढे वाटीन. पण ऐकलं आणि मी उठून यांच्यासाठी चहा टाकला. माणूस कामावर प्रेम करतो म्हणून तिथे पडून असतो, असं मला वाटत होतं. प्रेम कसलं? धाक होता तो. आपण उठून गेलो आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही तर, याचा धाक. आणि तेच झालं होतं.

हे असे नव्हते हो. लग्न झालं तेव्हा हे विभागात नवे होते आणि टेबलावर कमी, बसमध्ये जास्त असत. वही घेऊन फिरत. म्हाताऱ्या माणसाला पायरी चढायला किती सेकंद लागतात, बाजाराच्या थांब्यावर पिशव्या घेऊन उतरायला किती, शाळेतल्या पोरींना छत्र्या मिटायला किती. संध्याकाळी मला सगळं रंगवून सांगत. एकदा माझ्या लॅबमध्ये आले. मी सुटण्याच्या वेळी हात धूत होते. प्लास्टरचे हात नळाखाली धरून चालत नाही, मोरी तुंबते. आधी बादलीत बुचकळायचे, मग ब्रशने नखं घासायची, मग साबण. हे घड्याळ लावून बघत उभे राहिले आणि खिशातलं पेन काढून तळहातावर लिहिलं: ४. लॅबमधल्या मुली तोंडाला हात लावून हसल्या. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. पुढे हे मुख्य झाले, टेबल मोठं झालं, बसमध्ये बसणं सुटलं. स्वतःची स्कूटर घेतली. वेळापत्रकवाल्याला बसची वाट बघत उभं राहायला वेळ कुठला?

सोमवारी, रजेच्या सहाव्या दिवशी, मी लॅबमधून पाचवालीला फोन केला. नवऱ्यासाठी आजवर बरंच काही मागितलंय, पण एक फोन भीक म्हणून मागण्याची ही पहिलीच वेळ.

"काहीही विचारा हो त्यांना," मी म्हटलं. "एखादी बस हरवली म्हणा. बोलावूनच घ्या असं नाही, नुसतं विचारा."

ती म्हणाली, "ताई, खोटा प्रश्न मी विचारणार नाही. त्यांना ते कळेल आणि जास्त लागेल. पण एक खरा प्रश्न आहे. मला कुठेच त्याचं उत्तर मिळालं नाही. तुम्ही म्हणालात म्हणून विचारते. उद्या सकाळी करू?"

"नऊ वाजता करा," मी म्हटलं. "तेव्हा मी घरी असते."

मंगळवारी नऊला फोन वाजला. हे अंगावर वीज पडावी तसे दचकले. घाईने उचलला नाही, तीन रिंगा होऊ दिल्या. मग स्पीकर लावून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, म्हणजे बायकोने आणि आईने ऐकावं की ऑफिसचं कसं अडलंय.

"साहेब, त्रास देतेय," पाचवाली म्हणाली. "सात नंबरबद्दल विचारायचं होतं. मी परवा त्या बसने जाऊन आले. एका थांब्यावर ड्रायव्हर इंजिन बंद करून पेपर वाचत बसतो. मी विचारलं तर म्हणाला, चार्टातच आहे."

"कुठला थांबा?"

"जुना छापखाना. संध्याकाळची एकच फेरी. पाच बत्तीसला येते आणि पाच छत्तीसला सुटते. तुमच्या पूर्ण वेळापत्रकात एक मिनिट कुठे फुकट नाही, आणि इथे चार! चौदा वर्षांपूर्वीच्या मूळ तक्त्यात त्या आकड्यापुढे चांदणी काढलेली आहे. बाकी सगळ्या चांदण्यांना खाली तळटीप आहे. हिला नाही. चौसष्ट पानांतही नाही."

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला.

जुना छापखाना हा माझा थांबा. पाच छत्तीसची सात नंबर ही माझी बस. चौदा वर्षं मी बादली, ब्रश, साबण उरकून बाहेर येते आणि ती बस समोर उभी असते. त्या मार्गावर नवा ड्रायव्हर आला तेव्हापासून ती थांबायला लागली होती, म्हणून मी धरून चालले होते की हा देवमाणूस माझ्यासाठी थांबतो. दर नव्या वर्षाला मी त्याला एक चांगलं पेन भेट देत आले होते. चौदा पेनं! आणि नवा ड्रायव्हर ज्या दिवशी आला त्याच दिवशी नवं वेळापत्रक लागलं होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. वेळापत्रक करणाऱ्याच्या घरात राहून!

"चार मिनिटं?" हे म्हणाले. त्यांच्या अंगात पूर्वीचा माणूस परत आला होता. पूर्वीचा म्हणजे गेल्या आठवड्यातला. "रोज चार मिनिटं? वर्षाचे किती तास झाले, काढलेत का? माझ्याआधी जो इथे होता त्याची चूक असणार. काढून टाका."

"नक्की? अक्षर तुमचं वाटतं, साहेब."

"कुणाचंही असो. कारण नाही तर वेळ नाही. उद्याच्या चार्टातून उडवा."

"बरं," पाचवाली म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी अडकलं होतं, पण हे साहेब आणि ती हाताखालची. फोन चार मिनिटांत आटोपला, डॉक्टरांच्या शब्दाबाहेर माणूस नाही. हे उठले, हात चोळले, मला म्हणाले, "बघितलंस? चौदा-चौदा वर्षं चूक चालू आहे, पण मी सांगेपर्यंत एकाला काढायची हिंमत नाही." आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, मान्य आहे. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या, त्यांना कळलं होतं. पण मी काय म्हणणार? 'अहो, ती चांदणी माझी आहे'? मागून घेतलेल्या चांदणीला काय किंमत? मला राग आला होता. त्याहून वाईट वाटलं होतं. माझ्यावर इतकं प्रेम कुणीतरी केलं होतं, ते मला चौदा वर्षांनी कळलं, आणि कळलं त्याच मिनिटाला करणाऱ्यानेच ते फुकटची वेळ म्हणून कापून टाकलं. लॅबमध्ये जाऊन मी मेण वितळवत बसले आणि चक्क रडले. मुलींना सांगितलं, मेणाचा धूर गेला डोळ्यात. त्या दिवशी बस शेवटची थांबली. मी ड्रायव्हरकडे बघितलंच नाही.

बुधवारी मी नेहमीसारखी साडेपाचला कामावरून उठले. बादली, ब्रश, साबण. बाहेर आले तर सात नंबरची पाठ दिसली, वळणावरून जाणारी. पुढची बस चाळीस मिनिटांनी. मी चालत निघाले. पुलाखालून, चढावरून, हातात डबा आणि पिशवी. चालताना मी यांना जे जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, पण भाषा फार सुरेख जमली होती.

घरी पोचले तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. हे दारातच होते.

"उशीर झाला गं?"

"बस चुकली."

"बस चुकली?" यांना आधी हसूच आलं. "तुझी कशी चुकेल? चौदा वर्षांत कधी चुकली नाही. लॅब सुटते साडेपाचला. छापखान्यावर सात नंबर येते पाच बत्तीसला. तुला हात धुवायला लागतात चार—"

आणि थांबले.

मी चप्पल काढली, पिशवी ठेवली, पाणी प्यायले. हे जागचे हलले नव्हते. आपल्या डाव्या तळहाताकडे बघत होते, जणू चौदा वर्षांपूर्वीचा आकडा तिथे अजून पुसट दिसेल. चेहरा पांढराफटक. मला एकदम जिन्याची आठवण झाली आणि भीती वाटली. मी खुर्ची पुढे केली, पण हे बसले नाहीत. फोनवर झेपावले. डॉक्टरांनी मना केलं होतं ते आज पहिल्यांदा मोडलं.

रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, वाजत राहिली. दुसऱ्या नंबरवर लावला, मग तिसऱ्या.

"कुणीच उचलत नाही," हे म्हणाले. "विभागात एकही माणूस नाही? असं कसं होईल?"

सासूबाईंनी भांड्यातली कवळी काढली, झटकली, नीट बसवली. मुद्दाम एका वाक्यासाठी. "साडेसहा होत आले," त्या म्हणाल्या. "शहाणी माणसं आहेत. घरी गेली."

हे फोन हातात धरून खाली बसले. माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाले, "मी विसरलो गं." सबब नाही, कामाचा व्याप नाही, काही नाही. लग्नाच्या पंधरा वर्षांत माझ्या नवऱ्याने बोललेलं हे सगळ्यात लहान वाक्य असेल. मी तरीही जेवणात मीठ जरा जास्तच टाकलं. माझाही काही बाणा आहे.

गुरुवारी सकाळी मी निघाले तेव्हा हे झोपल्यासारखे पडले होते. दुपारी लॅबमधून पाचवालीला विचारलं, तर ती म्हणाली, "साहेबांचा फोन आला होता. चार मिनिटं परत घालायला सांगितली. पण आजचा चार्ट ड्रायव्हरच्या हातात गेलाय, ताई. उद्यापासूनच जमेल." मग म्हणाली, "तळटीप काय लिहू विचारलं, तर म्हणाले, मी कळवतो."

साडेपाचला मी हात धुवायला घेतले. घाई करण्यात अर्थ नव्हता, बस गेलेली असणारच. ब्रशने एकेक नख घासलं, हात पुसले, डबा घेतला, बाहेर आले.

सात नंबर थांब्यावर उभी होती. हॉर्न वाजत होता. खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. आणि पुढच्या दाराच्या पायरीवर, एक पाय वर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून, आमचे हे उभे होते आणि खिसे उलटे करत होते.

"पास होता हो," ते ड्रायव्हरला सांगत होते. "आत्ताच होता."

"साहेब, चढा नाहीतर उतरा! तीन मिनिटं झाली!"

"चढतोय ना. नियमाप्रमाणे पास दाखवल्याशिवाय चढता येत नाही. नियम मीच लिहिलाय."

एका मुलीने त्यांचं तिकीट काढायची तयारी दाखवली. त्यांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून नकार दिला. शहरातल्या कुठल्या थांब्यावर अर्धं मिनिट जास्त गेलं तर ज्या माणसाला जेवण जात नाही, तो माणूस चाळीस प्रवाशांच्या शिव्या खात पँटच्या मागच्या खिशात तिसऱ्यांदा हात घालत होता. पास शर्टाच्या खिशात होता. मला रस्त्यापलीकडून दिसत होता.

मी धावले नाही. रस्ता सावकाश ओलांडला. मी पायरीपाशी आले तसा पास सापडला.

"बाई, एक सांगतो," ड्रायव्हर गाडी सुरू करत म्हणाला. "चार्टात होतं तोवर थांबायचो. मनाने आपण कधी थांबत नाही कुणासाठी."

"आणि पेनं?"

"पेनं चांगली होती," तो म्हणाला.

हे माझ्या शेजारी बसले. घामाने डबडबले होते. घरून चालत आले होते म्हणे, सात नंबरच्या उलट्या वाटेने, थांबे मोजत. "पुलाखाली नवा सिग्नल झालाय," ते म्हणाले. "तक्त्यात नाहीच तो. आणि चढावरच्या थांब्याला बाकडं नाही, तुला माहीत होतं?" मी म्हटलं, मला माहीत आहे, काल तिथेच दम खायला दगडावर बसले होते. ते माझा हात हातात घेऊन बघायला लागले.

"नखात राहिलंय गं प्लास्टर."

"चारात होत नाही आता," मी म्हटलं. "डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. पाच लागतात."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, ते मात्र पहिल्याच फटक्यात सापडलं. बस हिंदकळत होती, तरी त्यांनी डाव्या तळहातावर नीट आकडा काढला: ५. त्याच्या पुढे चांदणी. मग जरा विचार करून खाली, मनगटाच्या जवळ, बारीक अक्षरात तळटीप लिहिली: बायकोचे हात. आमचा थांबा आला तेव्हा हे अजून फुंकर घालून शाई वाळवत होते.